समुद्राची आठवण

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत प्रिन्स्टनमध्ये बसून एका भारतीय तरुणाने अरबी समुद्र गार केला. सगळा नाही, सोमालियाच्या किनाऱ्याकडचा पश्चिमेचा पट्टा तेवढा, आणि तोही फार तर तीनेक अंशांनी. मग भारतात पाऊस किती पडतो हे तो पाहत बसला. पाऊस घटला.

समुद्र अर्थातच आकड्यांचा होता आणि पाऊसही. प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळेत स्युकुरो मनाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पृथ्वीच्या वातावरणाचे एक मॉडेल उभे केले होते. हेच मनाबे पुढे २०२१ साली हवामानाच्या मॉडेलबद्दल भौतिकशास्त्राच्या नोबेलचे मानकरी ठरले. समुद्र गार करणाऱ्या तरुणाचे नाव जगदीश शुक्ला. हा प्रयोग १९७५ साली प्रसिद्ध झाला, आणि शुक्लांचे पुढचे सगळे आयुष्य त्यातल्याच एका प्रश्नामागे गेले. पुढच्या मंगळवारचा पाऊस धड सांगता येत नसेल, तर पुढच्या हंगामाचा पाऊस सांगू म्हणणे हा आगाऊपणा आहे की शास्त्र?

या प्रश्नाकडे वळण्याआधी मॉडेल म्हणजे काय ते जवळून पाहू. जुन्या वाण्याच्या दुकानातले खणांचे कपाट डोळ्यांसमोर आणा. पृथ्वीभोवतीची हवा अशाच खणांत वाटायची: आडवे खण, उभे खण, एकावर एक थर. प्रत्येक खणात वाऱ्याचा वेग, दाब, तापमान, बाष्प यांचे आकडे भरायचे. शेजारच्या खणात दाब जास्त असेल तर वारा इकडे येणार. हवा वर चढली तर गार होणार. गार झाली तर तिच्यातले बाष्प निथळणार. नियम न्यूटनच्या काळापासूनचे आणि उष्णतेच्या शास्त्रातले, त्यात गूढ काही नाही. आत्ताच्या आकड्यांवरून पुढच्या काही मिनिटांचे आकडे काढायचे, त्यांवरून त्यापुढचे. असे करत दिवस, महिने, वर्षे पुढे सरकायचे. हिशेब सोपा, पण थकवणारा. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज गृहस्थाने पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर रुग्णवाहिका चालवता चालवता तो हाताने करून पाहिला. सहा तासांत दाब १४५ मिलिबारने वाढेल असे त्याचे उत्तर आले, जे पृथ्वीवर शक्यच नाही. तरी त्याने १९२२ साली ते सगळे पुस्तकात छापले. स्वतःचे चुकलेले उत्तर असे सविस्तर छापणारी माणसे मला फार आवडतात.

खण किती मोठा घ्यायचा यावर बरेच काही ठरते. सत्तरच्या दशकातल्या मॉडेलांचा एकेक खण शेकडो किलोमीटरचा असे. आपल्या मुलखात याचा अर्थ काय होतो पाहा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि घाट उतरून तीसेक किलोमीटरवर वाईला आलात की जेमतेम सातशेच्या आसपास. मधल्या पाचगणीला या दोघांच्या अधलेमधले काहीतरी. तीन गावे, तीन हवामाने, आणि मॉडेलला तिन्ही मिळून एका खणाचा कोपरा. त्या खणात सह्याद्रीचा कडाच उरत नाही. कोकणापासून सोलापूरपर्यंत एखादी गादी अंथरावी तसा सपाट उतार होतो. आणि ढग तर खणाहून कितीतरी लहान. तेव्हा ‘इतकी आर्द्रता, इतकी ऊब, म्हणजे साधारण इतके ढग’ असा ठोकताळा बसवावा लागतो. मॉडेलमध्ये नियम कुठे संपतात आणि ठोकताळे कुठे सुरू होतात, हे ज्याला नेमके ठाऊक तोच खरा मॉडेलवाला. बाकीचे आम्ही रंगीत नकाशे पाहणारे.

शुक्लांचा जन्म १९४४ चा, उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्यातल्या मिर्ढा गावचा. गावात वीज नाही, रस्ता नाही, शाळेला इमारत नाही. प्राथमिक शिक्षण बरेचसे एका वडाखाली झाले. आसपासच्या कुठल्याच शाळेत विज्ञान शिकवत नसत, म्हणून हायस्कूलमध्ये विशेष प्रावीण्य मिळाले ते गणितात आणि संस्कृतात. पुढे बलियाच्या कॉलेजात विज्ञानाला प्रवेश हवा तर पाया हवा, म्हणून वडिलांनी मुलाला एका उन्हाळ्यात सहावी ते दहावीची विज्ञानाची सगळी पुस्तके वाचून काढायला लावली. त्यानंतर बनारस हिंदू विद्यापीठातून १९६४ साली भूभौतिकीची पदव्युत्तर पदवी. पावसाने ओढ दिली की घरात काय होते, हे अशा गावातल्या मुलाला कुणी वेगळे शिकवावे लागत नाही.

नोकरी लागली ती पुण्यात. पुणे हे हवामानशास्त्राचे गाव कसे झाले याची एक खूण शिवाजीनगरात अजून आहे: हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून इथे हलले, आणि पुणेकर त्या चौकाला आजही शिमला ऑफिस म्हणतात. नोव्हेंबर १९६२ मध्ये उष्णकटिबंधीय हवामानाचा अभ्यास करणारी वेगळी संस्था पुण्यातच निघाली. आज ती पाषाणला आहे. तेव्हा गणेशखिंड रस्त्यावरच्या रामदुर्ग हाउसमध्ये होती. मोठा संगणक वापरायचा तर मुंबई गाठावी लागे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० नावाचे यंत्र होते, त्यावर वेळ मागायचा. शुक्ला या संस्थेत आले ते हे असे दिवस.

मान्सूनचा हंगामी अंदाज तेव्हा ऐंशी वर्षांच्या घरात पोचलेला होता. १८७७ च्या दुष्काळानंतर सरकारला जाग आली आणि हेन्री ब्लॅनफर्डने हिमालयातल्या बर्फावरून मान्सून सांगायला सुरुवात केली: बर्फ जास्त, तर पाऊस कमी. त्याचा पहिला अधिकृत अंदाज १८८६ चा. मग १९०४ साली केंब्रिजहून गिल्बर्ट वॉकर आला. हा मुळात गणिती. हवामानाचे त्याला काही ठाऊक नव्हते, आणि बहुधा त्यामुळेच त्याने जगभरच्या दाबाचे, तापमानाचे, पावसाचे आकडे समोर मांडून कुणाची कुणाशी जोडी जमते हे निमूटपणे तपासले. पॅसिफिकच्या एका बाजूला दाब वाढला की दुसऱ्या बाजूला उतरतो, हा झोका त्याला त्यातच सापडला. पण झोका का हलतो ते वॉकरला सांगता आले नाही. जोड्या जमवण्याच्या शास्त्राची हीच अडचण आहे. जोडी आज जमते, उद्या मोडते, आणि का मोडली हे विचारायला कुणी उरत नाही.

पुण्याहून शुक्ला अमेरिकेत एमआयटीला गेले आणि ज्यूल चार्नी यांच्याकडे शिकले. त्या विभागात तेव्हा दोन मोठी माणसे होती आणि दोघांचे म्हणणे वरवर उलट होते. चार्नी हे यंत्राने अंदाज काढण्याच्या आरंभकाळापासूनचे. १९५० साली एनियाक या संगणकावर जगातला पहिला असा अंदाज निघाला त्यात ते पुढे होते. चोवीस तासांचा अंदाज काढायला साधारण चोवीसच तास लागले, म्हणजे उद्याची बातमी उद्याच हातात. तरी रिचर्डसनचे स्वप्न खरे होऊ शकते हे दिसले.

दुसरे एडवर्ड लॉरेन्झ, अबोल माणूस. १९६१ च्या सुमारास ते आपल्या छोट्या संगणकावर एक गणित पुन्हा चालवत होते. सुरुवातीपासून नको म्हणून त्यांनी मधल्या एका ओळीचे आकडे कागदावरून पाहून भरले. कागदावर ०.५०६ छापले होते. यंत्राच्या पोटात ०.५०६१२७ होते. एवढासा फरक. कॉफी पिऊन परत येईपर्यंत दोन्ही उत्तरे अशी फाकली होती की एकाचा दुसऱ्याशी काही संबंध उरला नव्हता. यातून निघालेले, पंख हलवून दूरवर वादळ उठवणारे फुलपाखरू आता जगभर उडते आहे आणि बऱ्याचदा नको तिथे बसते आहे. लॉरेन्झचे मूळ म्हणणे एवढेच की सुरुवातीच्या आकड्यांत राईएवढी चूक असली तरी ती वाढत जाते, आणि साधारण दोन आठवड्यांत अंदाज गिळून टाकते. सगळी पृथ्वी तापमापकांनी भरून टाकली तरी हे चुकत नाही.

मग हंगामाचा अंदाज संपलाच म्हणायचा. दोन आठवडे कुठे आणि चार महिने कुठे!

शुक्लांची अडचण नेमकी इथली, आणि त्यांनी चार्नींबरोबर तिच्यावर जो तोडगा काढला तो मला या क्षेत्रातल्या फार सुंदर युक्तिवादांपैकी एक वाटतो. युक्ती अशी. मॉडेलमध्ये समुद्राचे तापमान नेहमीसारखे ठेवा आणि एकच उन्हाळा पुन्हा पुन्हा चालवा. दर वेळी सुरुवातीच्या हवेत किंचित फरक करा, म्हणजे फुलपाखराला मोकळे सोडा. दर वेळी जुलै वेगळा निघणार. या जुलैंमध्ये आपापसात किती फरक पडतो ते मोजा. तो झाला हवेचा स्वतःचा लहरीपणा. आता खऱ्या जगात एका वर्षाचा जुलै दुसऱ्या वर्षाच्या जुलैपेक्षा किती वेगळा असतो ते मोजा, आणि दोन आकडे शेजारी ठेवा.

युरोप-अमेरिकेच्या पट्ट्यात दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले. तिथे जे काही होते ते हवेच्या लहरीनेच होते. पण विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यात, म्हणजे आपल्याकडे, खऱ्या जगातला फरक मॉडेलच्या लहरीपेक्षा चांगलाच मोठा निघाला. म्हणजे एक साल कोरडे आणि दुसरे ओले करणारा कुणीतरी हवेच्या बाहेर बसला आहे. शुक्ला-चार्नींनी बोट दाखवले ते समुद्राकडे आणि जमिनीतल्या ओलीकडे. १९८१ साली छापला गेलेला हा निबंध मान्सूनवरच्या संशोधनात आजही पायाचा दगड मानतात.

समुद्रच का? हवा विसराळू आहे. समुद्र मंद आचेवरच्या मोठ्या पातेल्यासारखा; तापायला वेळ, निवायला त्याहून जास्त. त्या पातेल्यात उष्णता किती मावते याचा एकच आकडा देतो: समुद्राच्या वरच्या फक्त अडीच-तीन मीटर पाण्याला जेवढी उष्णता लागते, तेवढीच त्याच्या डोक्यावरच्या आकाशापर्यंतच्या सगळ्या हवेला पुरते. एप्रिलमध्ये पॅसिफिक तापलेला असेल तर ते तापमान जूनपर्यंत रेंगाळते. हवा मंगळवारचे बुधवारी विसरली तरी समुद्राच्या लक्षात असते. आणि उष्ण कटिबंधात पाऊस या उबेच्याच मागे जातो. उत्तरेकडच्या वादळी पट्ट्यात वाऱ्याचे झोत आपसांतच एवढे झुंजतात की समुद्राचे बोलणे ऐकूच येत नाही.

मातीचेही तसेच. १९८२ मध्ये शुक्ला आणि येल मिंट्झ यांनी मॉडेलमध्ये दोन पृथ्व्या केल्या: एकीवरची सगळी जमीन चिंब, दुसरीवरची ठणठणीत कोरडी. दोघींचे हवामान पार वेगळे झाले. कोरड्या पृथ्वीची जमीन कितीतरी जास्त तापली. वाफसा म्हणजे काय हे कळणाऱ्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. पण मातीतून उडालेले पाणी पुन्हा पाऊस होऊन किती परत येते, हे असे आकड्यांत बसवून दाखवणे वेगळे.

इथे एक थांबा घ्यायला हवा. प्रिन्स्टनच्या मॉडेलमध्ये अरबी समुद्र गार केल्यावर भारतातला पाऊस घटला होता. दोन वर्षांनी, १९७७ साली, अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका संस्थेच्या मॉडेलवर तशाच धर्तीचे प्रयोग झाले आणि भारतातल्या पावसावर ठळक परिणाम काही दिसला नाही. प्रश्न एक, मॉडेले दोन, उत्तरे दोन. असे झाले की बाहेरची माणसे मॉडेल म्हणजे थोतांड म्हणून मोकळी होतात. आतल्या माणसाला कामाला लागावे लागते: तुमचे वारे खऱ्या मान्सूनसारखे वाहतात का, तुमचा ठोकताळा ढग कुठे करतो, माझा कुठे. मॉडेलवाल्याच्या नोकरीतले बहुतेक दिवस या असल्या भांडणात जातात, आणि ते कुठल्या चरित्रात येत नाहीत.

१९८२-८३ च्या एल निनोने, म्हणजे पॅसिफिकचे पाणी तापण्याने, या मंडळींना आणखी एक धडा दिला. पॅसिफिकचे पाणी विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उसळ्यांपैकी एक घेत होते आणि बरेच दिवस ते कुणाच्या लक्षातच आले नाही. त्याच वर्षी मेक्सिकोत एल चिचोन ज्वालामुखी फुटला होता. त्याच्या धुराळ्यामुळे उपग्रहांना समुद्र होता त्याहून गार दिसला. समुद्राची आठवण वाचायची तर समुद्रात कुणीतरी हवे. मग १९८५ ते १९९४ या दहा वर्षांच्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात पॅसिफिकमध्ये विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना सत्तरच्या आसपास तरंगती यंत्रे नांगरली गेली. तोवर शुक्ला मेरीलँडमध्ये समुद्र, जमीन आणि वातावरण यांचा एकत्र अभ्यास करणारे केंद्र चालवत होते. १९९८ साली ‘सायन्स’मध्ये त्यांनी दाखवून दिले की सुरुवातीची हवा अगदी वेगवेगळ्या वर्षांची घेतली तरी समुद्र १९८२-८३ चा असेल तर उष्ण कटिबंधातला पाऊस सगळ्या खेपांना जवळपास एकाच नकाशावर येऊन बसतो. अब्जावधी फुलपाखरांनी पंख हलवले तरी समुद्र आपले म्हणणे सोडत नाही.

भारतात मात्र गोष्ट वेगळ्या वाटेने चालली होती. १९८७ साली देशात पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्क्यांनी कमी पडला. दिल्लीत दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी हलल्या. एक म्हणजे मध्यम पल्ल्याच्या अंदाजासाठी नवे केंद्र आणि त्यासाठी अमेरिकेचा क्रे सुपरकॉम्प्युटर. राजीव गांधींच्या सरकारचा हा आग्रह होता आणि अमेरिकेत बसलेले शुक्ला त्या खटपटीत होते. भारताने एक्सएमपी-२४ मागितला होता. अण्वस्त्रांच्या कामाला लागेल या भीतीने अमेरिकेने त्याचा धाकटा भाऊ एक्सएमपी-१४ दिला, आणि तोही अटी घालून. पावसाच्या हिशेबाचे यंत्र आणि बॉम्बच्या हिशेबाचे यंत्र एकच असते, ही त्या भीतीमागची खरी गोष्ट. पहिला अंदाज काढणारा एनियाकही लष्करासाठीच बांधलेला होता. एक्सएमपी-२४ च्या त्या नकारातून पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संगणकसंस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये तिचा परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर आला, हे मराठी वाचकाला सांगायला नको.

दुसरी गोष्ट म्हणजे शास्त्रज्ञ वसंत गोवारीकरांचे सोळा निकषांचे मॉडेल, तेही १९८८ चेच. मॉडेल हाच शब्द, पण जात वेगळी. यात हवेचे खण नव्हते, न्यूटनही नव्हता. हे घराणे वॉकरचे: हिमालयातले बर्फ, एल निनो, ठिकठिकाणची तापमाने आणि दाब असे सोळा निकष घ्यायचे, किती अनुकूल किती प्रतिकूल ते पाहायचे आणि एक समीकरण मांडायचे. १९८८ चा अंदाज बरोबर आला. गोवारीकर घराघरांत पोचले. वर्तमानपत्रे आणि पारावरच्या गप्पा सोळा निकषांनी भरून गेल्या. हवामानाच्या अंदाजावर लोकांनी हसायचे सोडून चर्चा करावी, हे मोठेच काम त्यांनी केले. पण १९८८ पासून २००१ पर्यंत देशात एकदाही मोठा दुष्काळ पडला नाही. ज्याने डोळे मिटून दर साली ‘पाऊस सामान्य’ म्हटले असते, तोही बहुतेक पास झाला असता. २००२ साली अंदाज सामान्य मान्सूनचा होता आणि जुलैमध्ये नेहमीच्या निम्म्याच्या आसपास पाऊस पडला. पुढच्याच वर्षी हवामान खात्याने सोळा निकष बाजूला ठेवले.

यातून खणांच्या मॉडेलवाल्यांनी छाती फुगवावी असेही नव्हते. १९९७ साली पॅसिफिकमध्ये १९८२-८३ च्या तोडीचा एल निनो आला. एल निनो म्हणजे भारतात दुष्काळ, हे तोवर शाळेतल्या मुलालाही पाठ. त्या वर्षी देशात पाऊस झाला सरासरीच्या १०२ टक्के.

हे कोडे ज्यांनी पुढे हाती घेतले त्यांत सुलोचना गाडगीळ होत्या. जन्म पुण्याचा, सालही शुक्लांचेच, १९४४. हार्वर्डला डॉक्टरेट, मग एमआयटीत चार्नींकडे काम, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्या पुण्याच्या संस्थेत परतल्या. पुण्याहून चार्नींकडे जाणारा एक आणि चार्नींकडून पुण्याला येणारी दुसरी, साधारण एकाच सुमारास. पुढे त्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवले ते असे: पॅसिफिककडे पाहता पाहता आपण आपल्याच अंगणातला हिंदी महासागर विसरलो होतो. विषुववृत्तावर त्याच्या पश्चिम अंगाला, आफ्रिकेकडे, ढग दाटले तर ते मान्सूनला धार्जिणे. पूर्वेकडे, सुमात्राच्या बाजूला, दाटले तर वैरी. १९९७ साली ढग पश्चिमेला होते आणि त्यांनी पॅसिफिकचा वार झेलला. २००२ मध्ये एल निनो मध्यमच होता, पण हिंदी महासागरही विरोधात गेला. शुक्लांचे सूत्र यात मोडत नाही. बाहेर बसलेला तो ‘कुणीतरी’ एकटा नव्हता, एवढेच. गाडगीळबाई आणखी एक गोष्ट करत: शेतकऱ्यांमध्ये बसून, तुम्हाला नेमका कोणता अंदाज हवा, असे विचारत. उत्तर येई ते हंगामाच्या टक्क्यांचे नसे. पेरणीनंतर उघडीप किती दिवसांची, शेंग भरताना पाऊस असेल का, असे असे.

पुण्याच्या संस्थेला आता संगणकासाठी मुंबई गाठावी लागत नाही. २०१२ मध्ये मान्सून मिशन सुरू झाले आणि समुद्र व हवा एकत्र चालवणारे अमेरिकन मॉडेल मान्सूनसाठी इथे घडवले जाऊ लागले. २०१८ मध्ये पाषाणला प्रत्यूष हा सुपरकॉम्प्युटर आला, २०२४ मध्ये त्याहून मोठा अर्क. मे २०२५ पासून भारत फोरकास्ट सिस्टिम हे इथेच बांधलेले मॉडेल हवामान खात्याकडे गेले. रोजच्या अंदाजाच्या त्या मॉडेलचा खण सहा किलोमीटरचा आहे. महाबळेश्वर आणि वाई आता एका खणात राहत नाहीत.

शुक्ला अमेरिकेतच राहिले, जॉर्ज मेसन विद्यापीठात. अंदाजाचे शास्त्र शिकवणाऱ्या संस्था त्यांनी ब्राझीलपासून इटलीतल्या त्रिएस्तपर्यंत उभ्या करायला मदत केली, २०१२ साली पद्मश्री मिळाली, आणि जिथे शाळेला छप्पर नव्हते त्या मिर्ढ्यात त्यांनी मुख्यतः मुलींच्या शिक्षणासाठी गांधी कॉलेज काढले.

दर गुरुवारी हवामान खाते पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज काढते. पहिले दोन आठवडे लॉरेन्झच्या हद्दीतले, अख्खा हंगाम शुक्लांच्या. मधला तिसरा आणि चौथा आठवडा अजून धड कुणाच्या मालकीचा नाही: हवेला सुरुवातीचे काही आठवत नसते आणि समुद्राचे बोलणे अजून पुरते वर आलेले नसते. मृगात पेरून बसलेला शेतकरी विचारतो ते नेमके याच दोन आठवड्यांबद्दल.